शरीरातील लोहाचा ताळेबंद

पेढीच्या दर्शनी फळ्या मालाने भरलेल्या दिसल्या म्हणजे गिऱ्हाइकाचे समाधान होते. मागील वखारीत काय उरले आहे, हे मात्र मालकाने मोजदाद केल्यावाचून कळत नाही. आपल्या शरीरातील लोहाची स्थिती नेमकी अशीच आहे. हिमोग्लोबिन ही दर्शनी फळी होय. लोहाची टंचाई पडू लागली म्हणजे शरीर प्रथम वखार रिकामी करते आणि दुकानातील मालास अगदी शेवटी हात लावते. म्हणूनच ज्या गृहिणीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम भरते आणि कागदावर ‘ठीक’ असा शेरा पडतो, तिच्या वखारीत त्या दिवशी लोहाचा साठा जवळजवळ संपलेला असू शकतो. जिना चढताना लागणारी धाप, दुपारपर्यंत येणारे ग्लानीसारखे थकलेपण, कामात न लागणारे चित्त, या तक्रारींना मग घरात आळस असे नाव मिळते. हा अन्याय आहे, आणि तो एका साध्या रक्ततपासणीने टळू शकतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते. त्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनात गुंतलेले असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातील लोह वाया न जाता नव्या पेशीच्या कामी येते. नव्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते; अन्नातून मात्र एक-दोन मिलिग्रॅमच मिळते. बाकीचा सारा व्यवहार जुन्या मालाच्या फेरवापरावर चालतो. एवढी काटकसर कोणत्याही व्यापाऱ्यास साधलेली नाही! परंतु मासिक पाळी, बाळंतपण, मूळव्याध, जठरातील व्रण अथवा आतड्यांतील अंकुशकृमी यांमुळे रक्त गेले, की हे घट्ट बसविलेले गणित विस्कटते.

वखारीची मोजदाद करून देणारे द्रव्य म्हणजे फेरिटिन. लोह साठवून ठेवणारे हे प्रथिन चेक शास्त्रज्ञ व्हिलेम लाउफबर्गर यांनी १९३७ साली घोड्याच्या प्लीहेतून वेगळे केले. पूर्वी साठा पाहावयाचा तर हाडात सुई घालून मज्जा काढावी लागे. १९७२ साली वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनी रक्तद्रवातील सूक्ष्म फेरिटिन मोजण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि ती यातना बहुतेकांच्या बाबतीत टळली. निरोगी प्रौढाचे फेरिटिन लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमहून कमी भरल्यास लोहाची उणीव समजावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. अनेक डॉक्टर तर तीसच्या खालीच सावध होतात. येथे एक मेख आहे. ताप, जंतुसंसर्ग अथवा शरीरात कोठे दाह असला म्हणजे फेरिटिन फुगते, आणि रिकामी वखार भरलेली भासते. अशा वेळी प्रौढांसाठी ती मर्यादा ७० धरतात. आजारातून नुकतेच उठलेल्याने ही गोष्ट डॉक्टरांस अवश्य सांगावी.

नुसते ‘सीरम आयर्न’ मोजून फारसे हाती लागत नाही. ते दिवसाच्या वेळेनुसार आणि घेतलेल्या गोळीनुसार खाली-वर होते. त्याच्या जोडीला लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनचे किती भाग भरलेले आहेत हे पाहतात. ते शेकडा सोळाहून कमी असले, तर पेशींना पुरेसे लोह पोहोचत नाही असे समजतात.

प्रत्येक पांडुरोग लोहाचाच नसतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे. १९२८ साली मुंबईस आलेल्या डॉ. लूसी विल्स यांनी गर्भवती स्त्रियांतील पांडुरोगाचा अभ्यास केला. तेथे उतारा पडला तो यीस्टच्या अर्काने. पुढे त्यातील फोलेट हे जीवनसत्त्व ओळखले गेले. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही वरचेवर आढळते. तिसरा प्रकार थॅलसेमिया मायनरचा. सिंधी, लोहाणा, पंजाबी इत्यादी समाजांत तो विशेष दिसतो. त्यात पेशी लहान असतात, पण वखार बहुधा भरलेली असते; अशा माणसास वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या चारणे व्यर्थ होय. वधूवर दोघेही बीटा थॅलसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल गंभीर थॅलसेमियाने ग्रस्त होण्याचा संभव चारात एक असतो. पत्रिकेबरोबर ही एक तपासणी जुळवून पाहण्यास कोणाची हरकत असू नये.

पुरुषाचे अथवा वयस्कर स्त्रीचे फेरिटिन कमी आले, तर टॉनिकची बाटली आणून स्वस्थ बसू नये. गल्ल्यातून रोज पैसा गळत असता वरून भर घालणारा व्यापारी शहाणा म्हणविला जात नाही; पोटात कोठे रक्तस्राव होतो आहे काय, हे आधी शोधावे लागते.

आपल्या जेवणात डाळी, पालेभाज्या, बाजरी, तीळ सारे असते. परंतु वनस्पतीतील लोह शरीरात अल्प प्रमाणात शोषले जाते. लिंबू किंवा आवळा त्यास साहाय्य करतो, तर जेवणाबरोबरचा चहा ते शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतो. पंगतीनंतर लगोलग चहा फिरविण्याची आपली चाल म्हणून तासाभराने पुढे ढकलावी. उणीव ठरल्यावर डॉक्टर गोळ्या देतात, आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही त्या सुमारे तीन महिने चालू ठेवावयास सांगतात. वखार भरण्याचे काम तोवर पुरे झालेले नसते.