कूलर, सातबारा आणि समुद्र

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत एक विषय हमखास निघतो. निवृत्तीनंतर कोकणात जाऊ. समुद्राकाठी चार गुंठे जागा, कौलारू घर, दारात दोन माड. युरोपातली माणसं ग्रीस-अल्बानियाकडे स्वस्त आणि उबदार किनाऱ्यावर राहायला जातात, तसं आपलं सिंधुदुर्ग. स्वप्न चांगलं आहे. पण ते रंगवताना ज्या गोष्टी आपण खऱ्या धरून चालतो, त्यातल्या बऱ्याच खऱ्या नाहीत.

आधी हवेचं बघू. 'कोकणचा कॅलिफोर्निया करू' ही घोषणा आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. कॅलिफोर्निया काय किंवा भूमध्य समुद्राचा किनारा काय, तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. कोकणात नेमकं उलटं. अथेन्सला वर्षभरात ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, नागपूरला १००० च्या थोडा वर. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तो ३००० च्या घरात जातो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो.

'पण उन्हाळा तरी सौम्य ना?' तापमानाचा आकडा सौम्य असतो, हे खरं. मी वेंगुर्ल्याजवळ भाड्याच्या घरात राहायला गेले तेव्हा सामानात आमचा जुना कूलर आवर्जून घेतला होता. नवी खस भरली, टाकीत पाणी ओतलं, पंखा सुरू केला. तासाभरात उशीचा अभ्रा दमट झाला आणि घाम मात्र तसाच वाहत राहिला. कूलर गार करतो तो पाण्याची वाफ करून. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी हवेत २० टक्क्यांच्या आसपासच आर्द्रता असते, म्हणून वाफ झपाट्याने होते. किनाऱ्यावर ती सत्तरीत असते, तिथे पाण्याची वाफ होणार कशी? पुढे पावसात कपाटातल्या चपलांवर हिरवी बुरशी धरली, आणि नवीन बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने दोन महिन्यांत तांबूस झाल्या. घर बांधणाऱ्याने असल्या दुरुस्तीचा खर्च दरवर्षीचा म्हणून धरायला हवा.

सगळ्यात घातक गैरसमज जमिनीबद्दलचा आहे. पैसे मोजले की शेतजमीन आपली, असं पुष्कळ लोक समजतात. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे, त्यातही असंच बंधन आहे. आपल्या नावावर काटोल-सावनेरकडे शेती असेल, तर तो सातबारा शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. तो नसेल तर बिनशेती झालेला भूखंडच बघावा. आणि 'गोव्यात तर काही अडचण नाही' असं सांगणाऱ्याला २०२३ चा गोव्याचा कायदा दाखवावा. तिथे भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी आली आहे.

त्यात कोकणी सातबारा म्हणजे वेगळंच प्रकरण. मला दाखवायला आणलेल्या एका उताऱ्यावर २७ नावं होती. काही मयत, काही मुंबईत, एक-दोन कुठे आहेत ते घरच्यांनाही माहीत नाही. विकणारा गृहस्थ प्रामाणिक होता, पण त्याचा हिस्सा होता काही आण्यांचा, आणि बोट दाखवत होता अख्ख्या बागेकडे. सामायिक जमिनीत एकाच्या सहीने सगळी जमीन मिळत नाही. 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचं नाव आहे का, भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का, फेरफार कशाचे झालेत, हे तलाठ्याकडे आणि वकिलाकडे बसून ओळीओळीने वाचल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

जागा अगदी लाटांसमोर असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, प्रश्न येतो. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून साधारण २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटरवर आणला. 'शेजाऱ्याचं घर आहे की तिथे' हा युक्तिवाद चालत नाही. ती घरं बहुधा जुनी असतात किंवा मच्छीमार कुटुंबांची. १०० ते २०० मीटरमध्ये पारंपरिक किनारी समाजाच्या घरांना सवलत आहे, तुम्हाआम्हाला नाही. आणि ते मला योग्य वाटतं.

रस्त्याचं थोडक्यात. पवनार ते पत्रादेवी हा नियोजित शक्तिपीठ महामार्ग दाखवून बरेच भूखंड विकले जातात. राज्य मंत्रिमंडळाने त्याला जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, पण कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचा विरोध मोठा आहे. आज जो रस्ता नाही, त्याच्या भरवशावर उद्याचं घर घेऊ नये.

दवाखान्याचा विचार मात्र नीट करावा. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण आजही मोठ्या प्रमाणावर गोव्याला, बांबोळीच्या रुग्णालयात न्यावा लागतो. साठीनंतर राहायला जाणाऱ्याने घर ते बांबोळी हे अंतर रात्रीच्या पावसात एकदा गाडीने जाऊन बघावं.

ताजी मासळी वर्षभर स्वस्त मिळते हाही एक समज. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा गावातली घरं आगोटीला भरून ठेवलेल्या सुक्या बांगड्या-सोड्यांवर भागवतात.

आणि 'कोकण ओस पडलंय, बंद घरं कोणालाच नको आहेत' हे तर साफ चूक. मी जिथे राहिले त्या वाडीत दहातली सहा घरं कुलूपबंद होती. घरमालकिणीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, 'ताई, गणपतीक घर रिकामा करूक लागतला हां.' चतुर्थीच्या दोन दिवस आधी सहाही कुलुपं निघाली. अंगणं सारवली गेली, गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधली गेली, एकेका घरात वीस-वीस माणसं उतरली. त्या २७ नावांच्या सातबाऱ्यावरची हयात असलेली बरीचशी नावं मी त्या आठवड्यात एका पडवीत, एकाच पंगतीत जेवताना पाहिली. त्यांतल्या एका आजींना मी विचारलं की बाग विकायची आहे का. त्यांनी वाढता वाढता मान हलवली, 'नाय गो', आणि माझ्या पानात आणखी एक मोदक ठेवला.