दारात गाडी, डोक्यावर हप्ता

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलानं नवी गाडी बघून ठेवली. कर्ज पाच लाख, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं. आम्ही वही घेऊन बसलो. व्याज घटत्या शिल्लकीवर असेल, तर हप्ता साधारण १०,६२५ रुपये आणि एकूण व्याज १ लाख ३७ हजार. तेच १० टक्के ‘फ्लॅट’ असतील, तर हप्ता १२,५०० आणि व्याज अडीच लाख! आधी हेच विचारून घ्यायचं. शिवाय गाडी नुसती उभी राहिली तरी विमा चुकत नाही.

मुलगा म्हणाला, भाडी मारीन. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडं चालत नाही.

ताईंना गाडी लागते महिन्यातून दोनदा, सासूबाईंच्या दवाखान्यासाठी. जीपवाला खेपेला १,५०० घेतो. ताई म्हणाल्या, “मग तीन हजारांत भागतंय की!” मुलगा अजून रुसलेलाच आहे.