घटमालेवर चालणारी हिरवळ-कर्तन यंत्रे : घरगुती निवडीचा विचार

गवताच्या पात्याचा वाढणारा भाग त्याच्या टोकाशी नसून बुडाशी असतो. गुराने वरचे पान खाल्ले अथवा विळ्याने ते कापले तरी वनस्पती मरत नाही, याचे कारण हेच होय. आपण ज्यास हिरवळ म्हणतो ती या एका गुणधर्मावर उभी आहे. गवत वाढू द्यावयाचे, परंतु ठराविक उंचीच्या वर जाऊ द्यावयाचे नाही. आणि त्याकरिता कापणी वारंवार, थोडी थोडी व एकसारखी करावयाची. हे काम कोणत्या यंत्राने करावे हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु ज्या शहरात घरापुढे हिरवळ असणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे, तेथे त्यात बराच पैसा व्यर्थ खर्ची पडू शकतो.

चंडीगढ हे असे शहर आहे. १९५१ पासून ल कॉर्बूझिए या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार ते वसविले गेले. वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक व प्रशासक डॉ. मोहिंदरसिंग रंधावा यांनी त्याच्या वृक्षयोजनेत व उद्यानांत जातीने लक्ष घातले. घरांचे भूखंड येथे मरला व कनाल या मापांत मोजतात. वीस मरल्यांचा एक कनाल, म्हणजे सुमारे ५०० चौरस यार्ड. सैन्यदलांतील, रुग्णालयांतील व संशोधनसंस्थांतील नोकरीच्या निमित्ताने पुण्या-नागपुराकडील जी कुटुंबे येथे येतात, त्यांना सदनिकेच्या सज्जातील चार कुंड्यांवरून एकदम अंगणाचे मालक व्हावे लागते. गणेशचतुर्थीस जिच्या जुड्या आपण मंडईतून विकत आणतो ती दूर्वा, म्हणजेच आपली हरळी, येथे ‘दूब’ या नावाने सबंध अंगणभर पसरलेली असते. मार्च उजाडला की ती वाढू लागते, जुलै ते सप्टेंबर या पावसाळ्यात झपाट्याने वाढते, आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिवळी पडून स्वस्थ बसते. यंत्राची निवड करताना हे वर्षचक्र डोळ्यांपुढे ठेवावे, कारण पुढील बहुतेक विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडातील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० मध्ये तयार केले. लोकरी कापडाचा वर आलेला तंतू कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. पीळ दिलेल्या पात्यांचा एक रूळ फिरतो, त्याखाली एक स्थिर पाते असते, आणि दोहोंमध्ये सापडलेले गवत कात्रीत सापडावे तसे कापले जाते. उत्तर भारतातील बागांतून आजही दिसणारे हातयंत्र ते हेच. मागून एकजण दांडी ढकलतो, पुढून दुसरा दोर ओढतो. या यंत्रास जुनाट समजून हिणविण्याची चाल पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. पात्याची कड स्वच्छ कापली गेल्यामुळे हरळीची टोके पिंजून पांढुरकी पडत नाहीत. आखूड हरळीवर यासारखी कापणी दुसरे यंत्र क्वचितच करील. मात्र गवत एकदा गुडघाभर वाढले की हा रूळ ते कापण्याऐवजी आडवे पाडतो, ही त्याची मर्यादा होय.

घटमालेवर चालणारी बाजारातील बहुतेक यंत्रे निराळ्या तत्त्वावर काम करतात. त्यांत आडवे पाते केवळ वेगाच्या जोरावर गवत तोडते. चाळीस सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटास ३,३०० फेरे करीत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर भरतो. उंच गवत, बियांचे ताठ दांडे, पावसाळ्यातील दाट वाढ ही सर्व त्यास चालतात. परंतु पात्याची धार गेली की तेच यंत्र गवत कापत नाही, फाडते. आणि मोटरीवरील भार वाढून घटमालाही लवकर रिकामी होते. वर्षातून दोन-तीनदा पाते काढून धार लावून घेणे हा त्यावरील उपाय अगदी स्वस्त आहे.

आता घटमालेकडे वळू. बॅटरीस घटमाला हा शब्द आम्ही हेतुतः वापरीत आहोत, कारण ती खरोखर माळच असते आणि हे ध्यानात आले की जाहिरातीतील आकड्यांचे कोडे सुटते. एका लिथियम-आयन घटाचा सरासरी दाब सुमारे ३.६ व्होल्ट असतो. असे पाच घट एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात, दहा जोडले की ३६. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब क्षणभर चार व्होल्टांच्या वर असतो. म्हणून तीच माळ विक्रेता अनुक्रमे ‘वीस’ व ‘चाळीस’ व्होल्टांची म्हणून विकतो. यात लबाडी नसली तरी ग्राहकाने दिपून जाण्यासारखेही काही नाही. घटमालेत किती ऊर्जा साठली आहे हे व्होल्टवरून कळत नाही. व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा लागतो, व येणारे उत्तर वॉट-तासांत असते. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तास यांचा गुणाकार ७२. ३६ व्होल्ट व २ अँपिअर-तास यांचाही ७२. दोहोंत साठा सारखाच. जास्त व्होल्टचा लाभ एवढाच की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो, त्यामुळे तारा कमी तापतात. जड काम करणाऱ्या यंत्रास हा लाभ निश्चितच मोलाचा आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे १४४ वॉट-तास. मध्यम वाढीच्या गवतात यंत्रास ६०० वॉट लागतात असे धरले, तर ते सुमारे चौदा मिनिटे चालेल. चाळीस सेंटिमीटरच्या पट्ट्यातील थोडा भाग दुसऱ्यांदा कापला जातो, म्हणून प्रत्यक्ष रुंदी पस्तीस सेंटिमीटर समजू. मिनिटास पन्नास मीटर या संथ चालीने, वळण्यात एक तृतीयांश वेळ जातो असे मानून, मिनिटाला बारा चौरस मीटर हिरवळ होईल. एकूण सुमारे १६० चौरस मीटर. एक कनालाच्या भूखंडात इमारत, वाहनाची जागा व फुलांचे वाफे वजा जाता हिरवळीस शंभर-दीडशे चौरस मीटर उरले तरी पुष्कळ. म्हणजे एका भरणीत काम उरकते. पावसाळ्यात दहा-बारा दिवस खंड पडून गवत ओले व उंच झाले, तर लागणारी शक्ती दुप्पट होऊन हेच क्षेत्र निम्म्यावर येईल. त्यासाठी मोठी घटमाला घेण्यापेक्षा त्या दिवशी काम दोन हप्त्यांत करणे शहाणपणाचे. हिरवळीची उंची तीन सेंटिमीटर ठेवावयाची असल्यास ती साडेचारच्या वर जाण्यापूर्वीच कापावी, म्हणजे एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक पान जात नाही, आणि गवत व यंत्र दोघांवरही ताण पडत नाही.

मोठी घटमाला घेऊ नये यास आणखी एक कारण आहे, आणि चंडीगढच्या रहिवाशाने तेच सर्वांत आधी विचारात घ्यावे. लिथियम-आयन घट दोन प्रकारे जीर्ण होतो : वापराने आणि नुसत्या वयाने. चांगली घटमाला काही शे वेळा भरता-रिकामी करता येते. मार्च ते नोव्हेंबर आठवड्यास एकदा कापणी धरली तर वर्षास सुमारे चाळीस भरण्या होतात. दहा वर्षांतही ती वापराने संपावयाची नाही. ती संपते वयाने, आणि उष्णतेने हे वय झपाट्याने वाढते. पूर्ण भरलेला घट उष्ण जागी ठेवणे ही त्याची सर्वांत वाईट अवस्था. मे-जूनमध्ये या शहराचा पारा चाळिसाच्या वर जातो. गच्चीवरील बरसातीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक. यंत्र तेथे खुशाल ठेवावे, घटमाला मात्र काढून घरातील सर्वांत थंड खोलीत आणावी. हिवाळ्याच्या सुटीत ती निम्मी भरलेली ठेवावी. उन्हात कापणी झाल्यावर तापलेली घटमाला तशीच भरावयास लावू नये, तासभर निवू द्यावी. पुष्कळ भरण-यंत्रे तापलेल्या घटास वीज देण्याचे स्वतःच नाकारतात, आणि गृहस्थ मात्र यंत्र बिघडले म्हणून दुकानाची वाट धरतो!

तेव्हा ग्राहक खरे पाहता खरेदी करीत असतो ती घटमाला. यंत्र हे तिचे वाहन. म्हणून कापणीयंत्र, कडा छाटण्याचे यंत्र व कुंपणाची कात्री ही एकाच घटमालेवर चालतील अशी घ्यावीत. तीन यंत्रांना तीन कंपन्यांच्या तीन घटमाला म्हणजे उन्हाळ्यात तिन्ही एकदम म्हाताऱ्या होणार. हिरवळ पन्नास चौरस मीटरांहून लहान असेल तर आमचे स्पष्ट मत असे की हातयंत्र घ्यावे, आणि घटमालेचा खर्च केवळ कडा छाटणाऱ्या यंत्रावर करावा; भिंतीलगतचे व फरशीच्या सांध्यांतील गवत हातयंत्रास साधत नाही.

या छाटणीयंत्रात नायलॉनचा दोरा फिरत असतो. त्यात पाते नाही म्हणून ते निरुपद्रवी समजले जाते, हा गैरसमज आहे. कोवळ्या झाडाच्या बुंध्याभोवती तो एकदा फिरला की साल सोलली जाते. आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या नलिका सालीतच असल्यामुळे, सगळीकडून सोललेले रोप काही काळाने वाळते. घरमालकास त्याचे कारणही कळत नाही. रोपाभोवती हातभर जागा गवताविना मोकळी ठेवली की प्रश्न उरत नाही.

बऱ्याच घरांत यंत्र विकत घेणारा एक आणि चालविणारा दुसराच, म्हणजे माळीबुवा, असतात. वजन, दांडीची उंची, पकड ही त्यांच्या हाती देऊन पाहिल्याशिवाय सौदा करू नये. खडा उडाला तर त्यांच्या डोळ्याला लागणार आहे. म्हणून डोळ्यांवरचा चष्मा व पायांत बंद बूट यंत्राबरोबरच घ्यावेत. पेट्रोलच्या यंत्राचा धूर व गोंगाट येथे नसतो हे खरे, परंतु त्या शांततेतच धोका आहे. थांबलेले यंत्र बंद आहे असे वाटते आणि पात्यात अडकलेले गवत काढण्यास हात जातो. घटमाला बाहेर काढल्यावाचून पात्याजवळ हात नेऊ नये, हे त्यांना एकदा करून दाखवावे.

निकामी झालेली घटमाला भंगारवाल्यास अथवा कचऱ्यात देऊ नये; दाबली वा भोसकली गेल्यास ती पेट घेते. २०२२ च्या बॅटरी-कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या घटमाला परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती परत कोठे द्यावयाची, हे दुकानदारास खरेदीच्या दिवशीच विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवावे.