व्यापाऱ्याची चिंता व त्याची प्रकृती

चिता आणि चिंता या दोन शब्दांत केवळ एका अनुस्वाराचे अंतर आहे, हे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. पेठेतील एखादा बंधू ध्यानीमनी नसता निघून गेला, की अंत्ययात्रेत हे वाक्य कोणीतरी हमखास उच्चारतो, चार जण माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी बाजार पूर्ववत सुरू होतो. तो अनुस्वार शरीरात नेमका कोठे जाऊन बसतो, याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि चाळीसहून अधिक वर्षांचा धान्याचा घाऊक व्यापार, एवढीच त्याची पुंजी. तथापि या विषयावर जे वाचनात आले आणि आपल्या पेठेत जे प्रत्यक्ष पाहिले, ते बंधुभगिनींपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

अठराव्या शतकात लंडन येथे जॉन हंटर नावाचे एक नामांकित शल्यविशारद होऊन गेले. त्यांना हृदयशूलाची व्यथा होती आणि संताप आला की कळ उठते, हे त्यांनी स्वतःच ओळखले होते. आपल्याला डिवचणाऱ्या कोणाही टवाळाच्या हाती आपले प्राण आहेत, अशा अर्थाचे ते बोलत असत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या मंडळाच्या बैठकीत त्यांच्या म्हणण्यास विरोध झाला. ते रागाने बाहेर पडले आणि तेथेच कोसळून गतप्राण झाले. रोग जाणणारा आणि रोगाचे कारणही जाणणारा पुरुष बैठकीतील एका वादाने गेला! आपल्या वार्षिक सभेत जमाखर्चावर हिरिरीने बोलणाऱ्या सभासदांनी याची अवश्य नोंद घ्यावी.

असे का घडते, याचा शास्त्रीय शोध पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनी लावला. क्ष-किरणांच्या साह्याने मांजरीच्या जठराची हालचाल पाहत असता त्यांच्या ध्यानात आले, की मांजर भ्याली अथवा चिडली की जठराची हालचाल तत्काळ थांबते. हीच वाट धरून त्यांनी १९१५ साली असे मांडले, की संकट दिसताच प्राण्याचे शरीर झुंजण्यास अथवा पळण्यास सिद्ध होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनॅलिन नावाचा स्राव रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय जोराने चालते, रक्तदाब चढतो, यकृतातील साखर रक्तात उतरते, रक्त लवकर साकळू लागते आणि पचनाचे काम तहकूब होते. जखम झालीच तर रक्त वाहून जाऊ नये आणि स्नायूंना इंधन कमी पडू नये, अशी ही निसर्गाची तजवीज. वाघ समोर आला असता हिच्याइतकी उपकारक गोष्ट दुसरी नाही. वाघ गेला की सर्व पूर्ववत होते.

आपली अडचण अशी की आपला वाघ जात नाही. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात किलोस २०० रुपयांपर्यंत चढली होती, हे सर्वांच्या स्मरणात असेल. त्यानंतरच्या हंगामात तुरीचे अमाप पीक आले आणि २०१७ साली भाव क्विंटलला ५०५० रुपयांच्या आधारभूत किमतीच्याही खाली गेला. ज्याने चढ्या भावाने माल भरला होता, त्याची पोती वखारीत होती आणि वाघ उशाशी होता. जून २०२३ मध्ये तूर व उडीद यांच्या साठ्यावर घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येकी २०० टनांची आणि गव्हावर ३००० टनांची मर्यादा आली. गव्हाची मर्यादा त्याच वर्षी आणखी दोनदा उतरली. अशा वार्ता आता रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर येतात. शरीर बिचारे भावाचा आकडा आणि वाघाची डरकाळी यांत भेद करीत नाही. ते झुंजीची सर्व तयारी करते आणि आपण मात्र गादीवर मांडी घालून बसलेले असतो. पळायचे कोठे आणि झुंजायचे कोणाशी? ॲड्रिनॅलिनच्या जोडीने कॉर्टिसॉल नावाचा दुसरा स्रावही अशा वेळी वाढतो. तो दीर्घकाळ चढा राहिला तर साखर व रक्तदाब वाढतात, पोटाचा घेर वाढतो, झोप मोडते आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते.

हिशेबाच्या धंद्यातील माणसांवरच झालेला एक प्रयोग येथे सांगणे अगत्याचे आहे. मायर फ्रीडमन व रे रोझेनमन या सॅन फ्रान्सिस्को येथील हृदयरोगतज्ज्ञांनी १९५७ सालच्या जानेवारीपासून जूनपर्यंत ४० हिशेबनिसांचे रक्त वरचेवर तपासले. त्या देशात प्राप्तिकराची पत्रके १५ एप्रिलपर्यंत भरावी लागतात. ती तारीख जवळ आली तसे या मंडळींच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले आणि रक्त लवकर साकळू लागले; कामाचा रेटा ओसरताच दोन्ही पुन्हा उतरली. आहार, वजन अथवा व्यायाम यांतील फरकाने या चढउताराचा उलगडा होत नव्हता. जो मार्चअखेर आपण दरवर्षी सोसतो, तो रक्तात मोजता येतो, असाच याचा अर्थ. याच वैद्यांनी पुढे उतावळ्या स्वभावाच्या माणसास हृदयविकार अधिक होतो असे मत मांडले. ते नंतरच्या संशोधनात जसेच्या तसे टिकले नाही. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील सुमारे २५ हजार माणसांच्या पाहणीत तंबाखू, रक्तदाब व मधुमेह यांच्या पंक्तीत मनावरील ताणालाही हृदयविकाराच्या प्रमुख कारणांत स्थान मिळाले. त्या पाहणीत धंद्याचा, घरचा आणि पैशाचा असे तिन्ही ताण विचारले होते. तिचे प्रमुख डॉ. सलीम युसूफ मूळचे आपल्या केरळचे आहेत.

तथापि प्रत्येक व्याधीचे खापर चिंतेच्या माथी फोडणेही योग्य नव्हे. पोटातील व्रण काळजीने होतो, अशी पूर्वी वैद्यांचीही धारणा होती. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली त्याचे मूळ बहुधा एका जंतूत असते असे शोधून काढले. मार्शल यांनी तर १९८४ साली ते जंतू स्वतः प्राशन करून पाहिले. उभयतांस २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा पोट दुखते ते उधारीमुळेच, असे घरबसल्या ठरवून आपल्या मताने गोळ्या घेत राहू नये. त्याहून घातक चाल याच्या उलट आहे. छातीवर दडपण येते, दरदरून घाम सुटतो, कळ हातात अथवा जबड्यात जाते, आणि आपण पित्त समजून सोडा पिऊन गादीवर बसून राहतो, कारण गिऱ्हाईक समोर असते! अशा वेळी गिऱ्हाईकालाच गाडी काढावयास सांगावे.

चिंता केवळ कुटुंबप्रमुखालाच असते असे मानण्याचा आपला एक प्रघात आहे. अमेरिकेत ओहायो येथे १९९५ साली एक लहानसा पण मार्मिक प्रयोग झाला. घरातील स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या त्याच वयाच्या १३ स्त्रिया, यांच्या हातावर सारखीच बारीक जखम करण्यात आली. दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली, शुश्रूषा करणाऱ्यांची भरण्यास ९ दिवस अधिक लागले. ज्या घरात सासूबाई अंथरुणावर आहेत, त्या घरातील सूनबाईंचे दुखणे ‘नुसते मनाचे’ म्हणून धुडकावणाऱ्यांनी हे ९ दिवस ध्यानात ठेवावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. चिंता सर्वांस असते. शेतकऱ्यास असते, नोकरदारास असते, हमालास तर आपल्याहून अधिक असते. परंतु शेतकरी आपले रडगाणे पारावर गातो, हमाल गुत्त्यावर का होईना पण बोलतो. व्यापारी बोलत नाही, कारण त्याची पत. तोटा झाला हे पेठेत कळले की उद्या सकाळी देणेकरी दारात उभे राहतात, मिलवाला माल रोखून धरतो, दलाल सौदा दुसरीकडे नेतो. तेव्हा व्यापाऱ्याने तोटा हसऱ्या तोंडाने गिळावा, असे आपल्या वडिलांनी आपल्याला शिकविले आणि व्यवहारदृष्ट्या ते चुकीचे शिकविले असे म्हणवत नाही. अनर्थ होतो तो पुढे. पेठेत लपविण्याची सवय घरात शिरते. पत्नीस ठाऊक नसते, मुलास ठाऊक नसते, सख्ख्या भावास तर मुद्दाम कळू दिलेले नसते. दागिने गहाण पडतात ते ‘पॉलिश करण्यास दिले’ या नावाखाली.

आमच्या रविवार पेठेतीलच एक स्नेही २०१७ सालच्या त्या तुरीत सापडले होते. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सहा महिन्यांत त्यांचे वजन उतरले, रात्री तीन वाजता जाग येऊ लागली, रक्तातील साखर प्रथमच वाढलेली दिसली. हृदयाचा आलेख मात्र ठीक निघाला. तपासणाऱ्या वयस्कर डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून एवढेच विचारले, “शेठजी, घरी कोणाला काय काय ठाऊक आहे?” गृहस्थ निरुत्तर झाले. त्या रात्री त्यांनी थोरल्या मुलास वखारीत नेऊन पोती दाखविली आणि वहीही दाखविली. मुलगा रागावेल असे त्यांना वाटत होते, मुलाने आधी वहीची पाने मोजली आणि म्हणाला, “दादा, हे तीन हप्त्यांत निघेल.” प्रत्यक्षात पाच लागले. पण झोप त्याच आठवड्यात परतली, असे ते स्वतः सांगतात. साखरेची गोळी अद्याप चालू आहे, ती काही मुलास सांगून गेली नाही.

ज्याला कोणापाशी बोलणे अगदीच अशक्य असेल, त्याने लिहावे. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली अमेरिकेतील ४६ विद्यार्थ्यांपैकी काहींना लागोपाठ ४ दिवस, रोज १५ मिनिटे, मनातील सर्वांत जड गोष्ट घटना आणि भावना यांसह लिहावयास सांगितले. लिहिताना त्यांना अधिकच वाईट वाटले. परंतु पुढील सहा महिन्यांत त्यांना वैद्याकडे जाण्याचे प्रसंग इतरांपेक्षा कमी आले. नंतरच्या प्रयोगांत हा लाभ कोठे दिसला, कोठे अगदी थोडा दिसला. पण कागद व शाई यांपलीकडे यास खर्च नाही, आणि रोज कीर्द लिहिणाऱ्यास लेखणी काही जड नाही. कागद नंतर फाडून टाकला तरी चालतो.

सामायिक व जप यांविषयी येथे उपदेश करण्याचा लेखकाचा अधिकार नाही. त्यांचे प्रयोजन आत्मकल्याणाचे आहे, रक्तदाबाचे नव्हे. तरीही इटलीतील लुचानो बेर्नार्दी व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग कौतुकास्पद वाटला. २३ निरोगी माणसांकडून त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना व बौद्धांचा एक मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटास सुमारे ६ वर आली आणि हृदय व रक्तदाब यांचा मेळ सुधारला. एरवी आपण मिनिटास १२ ते २० श्वास घेतो. नवकार त्यांनी तपासला नाही, पण सावकाश व स्पष्ट म्हटल्यास श्वास तेथेही मंदावणारच. खेदाची गोष्ट अशी, की सामायिकाच्या ४८ मिनिटांत मांडीखाली भ्रमणध्वनी ठेवणारे बंधू आता प्रत्येक गावी दिसतात. तो थरथरला की वाघ आसनावर येऊन बसला म्हणून समजावे.

बाकीचे उपाय सर्वांस ठाऊक आहेत आणि कोणी करीत नाही. पहाटे पाऊण तास चालणे, रात्री नऊनंतर भाव न पाहणे, तंबाखू सोडणे. तंबाखूने डोके हलके होते हा भ्रम आहे. नाडी व रक्तदाब ती चढवितेच. यांतील चालण्यास लेखकाच्या मते अग्रमान आहे, कारण शरीराने जी पळण्याची तयारी करून ठेवलेली असते ती तेवढ्यानेच खर्ची पडते. आमच्या जुन्या पिढीतील दुकानदार वसुलीस पायी जात; मिळकत किती होई कोण जाणे, पण त्यांना झोप गाढ लागे.

झोप दोन-तीन आठवडे उडाली, जेवणावरील वासना गेली, जगण्यात राम उरला नाही असे वाटू लागले, तर मात्र ती चिंता राहत नाही, तो आजार होतो आणि त्यास औषध आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ नावाची विनामूल्य सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविल्यास दिवसा वा रात्री केव्हाही प्रशिक्षित माणसाशी मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. पतीची पत जाण्याचे भय तेथे नाही, तेव्हा घरातील भगिनींनी हा क्रमांक स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. गादीवर तो कोणी लिहिणार नाही.

आपल्या संघापुढे एक सूचना ठेवतो. स्नेहसंमेलनाच्या दिवशी प्रवेशद्वाराशी गुलाबपाण्याच्या शेजारी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन एक परिचारिका बसवावी. यंत्राची किंमत क्विंटलभर तुरीहून पुष्कळ कमी आहे. आकडा १४०/९० च्या वर निघालेल्या सभासदास त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे धाडावे, आणि तो ‘बाजार आटोपला की जातो’ म्हणू लागल्यास कार्यकारिणीपैकी एकाने त्याच्याबरोबर जावे. ज्याचा आकडा ठीक निघेल त्यास हवा तर पेढा द्यावा.