प्रतिमादर्शित केंद्रित श्राव्यातीत ध्वनी-उपचार

भिंगाने सूर्यकिरण एकवटले की कागद पेटतो; श्राव्यातीत ध्वनिलहरींचेही तसेच आहे. त्वचेतून त्या सहसा इजा न करता जातात, केंद्रबिंदूपाशी मात्र ऊतीचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याहून वर नेतात आणि काही सेकंदांत तेथील पेशी मृत होतात. खरी अडचण लहरी एकवटण्याची नव्हे. त्या नेमक्या कोठे पडल्या व तेथे किती उष्णता झाली, हे शरीर न उघडता कळावे कसे? ते एमआरआय सांगते. तापमान वाढले की पाण्यातील हायड्रोजन केंद्रकांची अनुस्पंदन वारंवारता किंचित घटते. त्यावरून उपचार चालू असतानाच दर काही सेकंदांनी तापमानाचा नकाशा मिळतो. आधी अल्प ऊर्जेने जागा पडताळतात, मगच पूर्ण ऊर्जा देतात.

अमेरिकेत या पद्धतीस २००४ साली गर्भाशयातील फायब्रॉइड गाठींसाठी, तर २०१६ साली हातांच्या कंपविकारासाठी मान्यता मिळाली. आपल्या मराठवाड्यात पहिल्या उपयोगाचे मोल अधिक. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली. त्या साऱ्याच स्त्रियांना गाठी होत्या असे नव्हे. परंतु गाठ असली तरी गर्भाशय राखता येऊ शकते, हे रुग्णेस सांगितले तरी जाते काय? अर्थात लहरींच्या वाटेत आतडे आले किंवा गाठी पुष्कळ असल्या, तर हा मार्ग बहुधा उरत नाही; आणि एमआरआयसह या यंत्राचा खर्च पाहता गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी ते येणे अद्याप दूरच आहे.