थेंबाथेंबाने बदलणारे पाणी : घरगुती मत्स्यालयासाठी ठिबक पद्धत

रायपूर : दिवाळीच्या साफसफाईत घरातील मत्स्यालयाचीही पाळी येते. अनेक महिने न बदललेले पाणी एकाच दिवशी पूर्णपणे ओतून दिले जाते, काच घासली जाते, नळाचे स्वच्छ पाणी भरले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पृष्ठभागावर तरंगताना आढळतात. एवढे स्वच्छ पाणी भरूनही मासे का मेले, हा प्रश्न अशा वेळी घरातील मुले विचारतात. त्याचे उत्तर पाण्याच्या रसायनात दडलेले आहे. त्यावरचा एक उपाय म्हणजे पाणी सतत, थेंबाथेंबाने बदलत ठेवणे.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. गाळणीतील व खडीतील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट हे पहिल्या दोन्हींच्या तुलनेत कमी घातक असले, तरी ते साचत जाते. शिवाय या प्रक्रियेत आम्ल निर्माण होते आणि पाण्यातील क्षारता हळूहळू खर्ची पडते. त्यामुळे जुने पाणी आम्लधर्मी होते. आम्लधर्मी पाण्यात जिवाणूंचे कार्य मंदावते आणि अमोनिया साचतो, परंतु तो बहुतांशी अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो. अशा टाकीत अर्धेअधिक नवे, क्षारयुक्त पाणी एकदम मिसळले की उरलेल्या पाण्यातील तेच अमोनियम काही क्षणांत विषारी अमोनियात बदलते. आणि सर्व पाणी काढून टाकले, तरी महिनोन्‌महिने आम्लधर्मी पाण्याला सरावलेल्या माशांना हा एकाएकी झालेला बदल सोसत नाही. घासलेल्या खडीबरोबर उपयुक्त जिवाणूही धुऊन जातात, ते वेगळेच.

रायपूरसारख्या शहरात हा धोका अधिक आहे. या परिसराच्या भूगर्भात चुनखडकाचे थर आहेत. आसपास सिमेंटचे कारखाने उभे राहिले तेही त्याच खडकाच्या आधारे. साहजिकच येथील कूपनलिकांचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड, म्हणजेच दुष्फेन असते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता प्रति लिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली जाते आणि अन्य स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. महापालिकेच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः खारून नदीचे असते. ज्या घरात दोन्ही जोडण्या आहेत, तेथे आज नळाचे तर उद्या कूपनलिकेचे पाणी टाकीत पडते. माशांच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगे आहेत.

ठिबक पद्धतीत एका बाजूने अत्यंत संथ गतीने नवे पाणी येत राहते आणि तेवढेच जुने पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ठिबक हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. छत्तीसगडमध्ये त्यालाच ‘टपक’ म्हणतात आणि रायपूरच्या शेती-साहित्याच्या दुकानांत तेच तोट्यांचे साहित्य मिळते. खरे तर शेतीतील ठिबकाच्याही पुष्कळ आधी, उन्हाळ्यात शंकराच्या पिंडीवर टांगलेल्या गळतीने हे तत्त्व आपल्याला दाखवून दिले होते.

या पद्धतीविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. ठिबकाने पाण्याची बचत होते असे शेतीच्या अनुभवावरून वाटते. मत्स्यालयात तसे होत नाही. येणारे पाणी लगेच जुन्यात मिसळते आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात काही भाग ताज्या पाण्याचाही असतो. १०० लिटरच्या टाकीत ठिबकाने १०० लिटर पाणी सोडले, तरी प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्केच जुने पाणी बाहेर जाते. ५० लिटर सोडल्यास हे प्रमाण ३९ टक्के भरते. बादलीने अर्धे पाणी काढले तर ते पुरते ५० टक्के बदलते.

हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १०० लिटरच्या टाकीत नायट्रेट दररोज प्रति लिटर ४ मिलिग्रॅमने वाढते आणि येणाऱ्या पाण्यात ते नाही. दर आठवड्याला अर्धे पाणी बदलल्यास, काही आठवड्यांनंतर नायट्रेट ५६ आणि २८ मिलिग्रॅम यांच्या दरम्यान वरखाली होत राहील. दररोज १० लिटर ठिबकाने सोडल्यास ते ४० वर स्थिर राहील. आठवड्याचे तेच ७० लिटर बादलीने एकदम बदलले, तर पातळी ४० आणि १२ यांच्या दरम्यान राहील. म्हणजे निव्वळ स्वच्छतेच्या कसोटीवर बादलीच सरस ठरते. ठिबकाचा लाभ आहे तो स्थैर्याचा आणि विसराळू माणसाच्या हातून होणारी चूक टाळण्याचा. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरे कारण पहिल्यापेक्षा लहान नाही.

उन्हाळ्यात आणखी एक लाभ होतो. रायपूरच्या कोरड्या उष्णतेत पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. कमी झालेले पाणी केवळ वरून भरत राहिल्यास क्षारांचे प्रमाण अमर्याद वाढत जाते. ठिबकाने रोज १० लिटर आत येत असतील आणि २ लिटर उडून जात असतील, तर ८ लिटर क्षारांसह बाहेर पडतात. त्यामुळे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी टाकीत साधारण ६२५ वर स्थिरावते.

आता मांडणीविषयी. दिवसाला १० लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर. रुग्णालयात सलाईनसाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण नळीतून २० थेंबांत १ मिलिलिटर पाणी पडते, म्हणजे मिनिटाला साधारण १४० थेंब हवेत. शेतीतील सर्वांत लहान तोट्यांपैकी ताशी २ लिटरची तोटी दिवसभर चालू ठेवल्यास ४८ लिटर पाणी देईल, ते फारच झाले. शिवाय दाब-नियंत्रित नसलेल्या साध्या तोट्यांची अंकित क्षमता साधारण १० मीटर उंचीच्या दाबासाठी असते. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकीतून एवढा दाब मिळत नाही. त्यामुळे वेष्टनावरील आकड्यावर विसंबण्यापेक्षा मोजपात्र तोटीखाली धरून तासाभराचे पाणी मोजावे.

सदनिकेत राहणाऱ्यांसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग साधा आहे. मुख्य जलवाहिनीला जोडणी न करता टाकीहून उंच फळीवर १० लिटरचा कॅन ठेवावा, तो रोज सकाळी भरावा आणि सलाईनच्या नळीने दिवसभरात रिता होऊ द्यावा. कॅनमधील पातळी उतरेल तशी धार मंदावते आणि क्षारांमुळे नळी तुंबते, म्हणून अधूनमधून चिमटा सैल करावा लागतो. बाहेर जाणाऱ्या पाण्यासाठी रिकाम्या टाकीच्या मागील काचेला छिद्र पाडून टँक कनेक्टर बसवणे उत्तम. मात्र टफन्ड काचेला छिद्र पाडता येत नाही, ती फुटते. छिद्राला जाळी हवी, अन्यथा गप्पीची पिल्ले गटारात जातील. ७५ सेंटिमीटर लांब व ३५ सेंटिमीटर रुंद टाकीत १० लिटर पाण्याने पातळी ४ सेंटिमीटरहून किंचित कमी वाढते. म्हणून काठाखाली ५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवल्यास, निचरा तुंबला तरी दिवाणखान्यात पाणी सांडणार नाही.

नळाच्या पाण्यातील क्लोरीनकडे दुर्लक्ष करू नये. पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास हवा सोडून ठेवल्यास क्लोरीन उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरावे. मे महिन्यात गच्चीवरील टाकीचे तापलेले पाणी थेट सोडू नये, ते घरात निवू द्यावे. पाणी २५ अंशांवर प्रति लिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते, ३२ अंशांवर ७.३ मिलिग्रॅमच. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी काही जण मत्स्यालयात सोडतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक असल्याने ही काटकसर माशांना महागात पडते.

पाणीटंचाईच्या दिवसांत हा छंद कितपत योग्य, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो आणि तो रास्त आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. त्या मानाने १० लिटर थोडे असले, तरी वर्षाला ते ३,६५० लिटर होतात. टँकरच्या रांगेत उभे राहणाऱ्या घराला हा आकडा लहान वाटणार नाही. बाहेर पडणारे पाणी गटारात न सोडता तुळस, कुंड्या व परसबागेला द्यावे. त्यातील नायट्रेट झाडांचे खतच असते. टंचाई तीव्र झाल्यास मासे कमी ठेवणे आणि खाद्य आवरते घेणे हाच प्रामाणिक उपाय होय.

ठिबक लावल्यावरही खडीत साचलेला गाळ महिन्यातून एकदा नळीने ओढून काढावाच लागतो. माशांना औषध दिले असेल, तेव्हा मात्र ठिबक बंद ठेवावे, अन्यथा औषधाचा जवळजवळ दहावा हिस्सा रोज कुंड्यांत जाईल. त्या दिवसांतले पाणी तुळशीलाही घालू नये.