घाटात थांबणारी मोटारसायकल

मार्च महिना, दहावीचा पेपर आणि सकाळचे दहा. पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातला आमचा विद्यार्थी एस.टी. चुकल्यामुळे रस्त्यावर उभा होता. केंद्र माहूरला, पेपर अकरा वाजता. आम्ही त्याला मोटारसायकलवर मागे बसवले आणि निघालो. वेळ हाताशी होता, आदल्या संध्याकाळीच टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती, त्यामुळे काळजी नव्हती. पण चढ लागला, दोन-तीन वळणे झाली आणि इंजिन गचके देऊ लागले. मग भक् भक् करून बंद पडले.

गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. तिचे हे दुखणे आम्हाला नवीन नव्हते. गेले महिनाभर ती अधूनमधून चढावर थांबत होती. आम्ही दर वेळी प्लग काढायचो, पुसायचो, पॉलिश पेपरने घासायचो, पुन्हा बसवायचो आणि किक मारली की गाडी चालू व्हायची. म्हणजे दोष प्लगचा, असे आमचे ठाम मत झाले होते. आठ दिवसांपूर्वी तर नवा प्लगही बसवला होता. त्या दिवशीही तोच उपचार केला. गाडी चालू झाली, जेमतेम किलोमीटरभर गेली आणि पुन्हा थांबली. नंतर तिसऱ्यांदा. घड्याळात साडेदहा वाजून गेले. मुलगा काही बोलत नव्हता, फक्त हातातले कंपास पेटी आणि हॉलतिकीट घट्ट धरून उभा होता.

मागून एक दूधवाले आपल्या जुन्या गाडीवर कॅन लटकावून येत होते. थांबले. "काय झालं सर?" आम्ही प्लगची कहाणी सांगितली. त्यांनी प्लगकडे पाहिलेसुद्धा नाही. "झाकण उघडून बघितलं का?" असे म्हणून त्यांनी टाकीचे झाकण फिरवले. 'फुस्स' असा आवाज झाला. "टाकीला श्वास घेता येईना सर. आता मारा किक."

दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. दर अर्ध्या किलोमीटरला थांबून झाकण उघडायचे, 'फुस्स' ऐकायचे आणि पुढे निघायचे, असे करत आम्ही अकराला दहा मिनिटे कमी असताना केंद्रावर पोचलो. वाटेत गाडी एकदाही बंद पडली नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा प्रसंग लाजवणारा होता. वातावरणाचा दाब आम्ही दरवर्षी फळ्यावर शिकवत होतो. पण तोच दाब आमच्या पुढ्यात, टाकीच्या झाकणाखाली बसलेला आम्हाला ओळखता आला नाही. तेव्हा घडले काय, ते नीट समजून घेऊ.

तेलाच्या डब्याची गोष्ट

गोड्या तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना घरातली बाई एका कोपऱ्याला भोक पाडते आणि समोरच्या कोपऱ्याला दुसरे. एकच भोक असेल तर तेल गुडगुड करत, अडखळत येते. तेल बाहेर पडले की डब्यातली हवा जास्त जागेत पसरते, तिचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा भोकाशी तेलाला आत रेटून धरते. दुसऱ्या भोकातून हवा आत शिरली की धार सुरळीत पडते.

मोटारसायकलच्या टाकीतून पेट्रोल पंपाने नव्हे, स्वतःच्या वजनाने खाली उतरते. म्हणून झाकणात टाचणीएवढे छिद्र ठेवलेले असते. आमच्या झाकणाचे छिद्र धूळ आणि तेलकट चिकटा यांनी जवळजवळ बुजले होते. आता थोडे गणित करून पाहू.

वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, त्याची घनता सुमारे ०.७४. म्हणून तोच दाब पेट्रोलच्या सुमारे १४ मीटर स्तंभाइतका होतो. त्याचा एक टक्का म्हणजे १४ सें.मी. टाकीतल्या पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरच्या वर साधारण २५ ते ३० सें.मी. असते. म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब अवघा दोन टक्के उतरला, तरी पेट्रोल खाली येणे थांबते.

टाकी अर्धी असून वर ५ लिटर हवा आहे असे धरू. बॉईलच्या नियमाप्रमाणे हवेचे आकारमान दोन टक्क्यांनी वाढले की दाब तितकाच उतरतो. ५ लिटरचे दोन टक्के म्हणजे १०० मि.लि. चढावर लिटरला ३० कि.मी. धरले तर हे पेट्रोल ३ कि.मी. पुरते. टाकी भरलेली असेल तर वर जेमतेम १ लिटर हवा उरते. मग २० मि.लि. पेट्रोल उतरताच, म्हणजे ६०० मीटरमध्येच प्रवाह बंद! त्यानंतर कार्ब्युरेटरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर गाडी आणखी थोडे अंतर जाते, इतकेच. पेट्रोलच्या वाफेचा हिशोब धरला तर आकडे जरा बदलतील, पण चित्र हेच राहील.

आता सगळ्या खुणा जुळतात. टाकी भरल्यावर दुखणे बळावले, कारण वर हवा कमी होती. सपाटीवर गाडी चालत होती, कारण तिथे पेट्रोल सावकाश लागते आणि बुजलेल्या छिद्रातून, झाकणाच्या रबरापाशी झिरपणारी हवा तेवढ्याला पुरत होती. घाटात मागणी वाढली आणि हवा अपुरी पडली. आणि प्लग पुसल्यावर गाडी चालू का व्हायची? प्लग काढून बसवायला दहा मिनिटे लागत. तेवढ्यात हवा झिरपून दाब सावरायचा. गुण विश्रांतीचा आणि श्रेय मात्र प्लगला! आम्ही त्या दहा मिनिटांत नुसते झाडाखाली बसलो असतो, तरी गाडी चालू झाली असती. ही तुलना आम्ही महिनाभरात एकदाही करून पाहिली नाही, हीच आमची खरी चूक.

कार्ब्युरेटरमध्ये काय चालते?

इंजिनात द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ती हवेत मिसळलेली त्याची वाफ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणजे त्याला ११ किलो हवा हवी. एक घनमीटर हवेचे वजन १.२ किलो धरले, तर ही हवा ९ घनमीटरांहून थोडी जास्त होते. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गखोलीतली सगळी हवा साधारण दहा लिटर पेट्रोललाच पुरेल! एवढी हवा आणि एवढे पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळण्याचे काम मुठीएवढा कार्ब्युरेटर करतो.

त्याचे दोन भाग ध्यानात ठेवावेत. खाली एक वाटी असते. तिच्यात फ्लोट तरंगतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो, तसाच हा. पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि अणकुचीदार काटा आत येणारी वाट बंद करतो. वर हवेचा मार्ग असतो, मध्ये अरुंद झालेला. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ साली प्रवाहाचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला. इटलीचे जोव्हानी बाटिस्टा व्हेंचुरी यांनी १७९७ साली अरुंद नळीतल्या प्रवाहावर लिहिले, म्हणून अशा मार्गाला व्हेंचुरी म्हणतात.

इंजिन पेट्रोल 'ओढून घेते' असे आपण सहज बोलतो. खरे तर वाटीतल्या पेट्रोलवर वातावरणाचा पूर्ण दाब असतो, कारण वाटीलाही हवेची वाट असते. अरुंद भागात दाब कमी असतो. या फरकामुळे बाहेरची हवाच पेट्रोलला जेटच्या बारीक छिद्रातून वर ढकलते. ढेकणांवर औषध मारायचा जुना हातपंप याच तत्त्वावर फवारतो. टाकी असो की कार्ब्युरेटर, काम करते ती ढकलणारी हवा.

गाडी उभ्या जागी संथ चालताना हवा थोडी आणि सावकाश जाते. तेव्हा पेट्रोल मोठ्या जेटमधून येत नाही. त्यासाठी वेगळा, आणखी बारीक पायलट जेट असतो. थंड सकाळी पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक देऊन मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवावे लागते. इंजिन तापल्यावर चोक तसाच राहिला तर पेट्रोल जास्त होते, प्लग भिजतो आणि ठिणगी पडेनाशी होते. यालाच गाडी 'ओव्हर' झाली म्हणतात.

शोधाचा क्रम

इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी हव्यात: योग्य मिश्रण, सिलिंडरात पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. किकला नेहमीसारखा विरोध जाणवत असेल तर दाब बहुधा ठीक असतो. उरलेल्या दोहोंचा शोध सोप्याकडून अवघडाकडे घ्यावा.

आधी टाकीत पेट्रोल आहे का आणि कॉक उघडा आहे का, ते पाहावे. मग इंजिन थंड असताना कार्ब्युरेटरपाशी पेट्रोलची नळी काढून खाली बाटली धरावी. धार एकसारखी आली तर टाकी ठीक. सुरुवातीला येऊन मंदावली तर झाकण उघडावे. उघडताच धार वाढली तर दोष झाकणाच्या छिद्राचा. तरीही वाढली नाही तर कॉकच्या जाळीत कचरा आहे. बिडी-काडी पेटवणाऱ्यांना या वेळी दूर ठेवावे.

पेट्रोल पोचत असेल तर प्लग काढून पाहावा. प्लग बराच बोलतो. फिकट तपकिरी रंग म्हणजे मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढुरका म्हणजे हवा जास्त. बऱ्याच किका मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आतपर्यंत जातच नाही. ओला असेल तर पेट्रोल जाते, पण एकतर ते जास्त होते किंवा ठिणगी नाही. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर तेलही जळते, म्हणून त्यांचे प्लग लवकर काळे होतात.

ओव्हर झालेल्या गाडीचा कॉक बंद करावा, चोक काढावा, मूठ पूर्ण पिळून आठ-दहा किका माराव्यात. जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. मुठीवर गाडी चालते, पण मूठ सोडताच बंद पडते, ही खूण पायलट जेट तुंबल्याची. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र थोडेही मोठे झाले तरी प्रमाण कायमचे बिघडते. जेट पेट्रोलने धुऊन हवेने फुंकावा. ठिणगी नसेल तर जुन्या गाड्यांत पॉइंटवर काजळी किंवा तेल असण्याची शक्यता मोठी.

अलीकडे आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. त्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल पाण्यात मिसळते. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरले, तर पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. कॉकमधून पहिल्यांदा उतरतो तो हाच थर. जुन्या गाड्यांच्या काही रबरी भागांनाही इथेनॉल मानवत नाही. म्हणून बराच काळ उभी राहणारी गाडी असेल तर कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू उघडावा आणि पेट्रोल काढून टाकावे.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन यंत्रणा आली. पण खेड्यापाड्यांत जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. शाळेच्या अंगणात उभी असलेली अशी एखादी गाडी विज्ञानाचे चांगले साधन ठरू शकते.

वर्गात करून पाहा

पेट्रोल वर्गात आणू नये. त्याची गरजही नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी छिद्र पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. धार काही क्षणांत थांबते. झाकण सैल केले की पुन्हा सुरू होते. मग बाटली अर्धी आणि पूर्ण भरून, धार थांबेपर्यंत किती पाणी पडते ते मोजा. भरलेल्या बाटलीतून पाणी कमी का पडते, याचे उत्तर मुलांनाच काढू द्या. घाटात आमच्या हाती जे लागले नाही, ते त्यांच्या हाती अर्ध्या तासात लागेल.

आणि शोधाची शिस्तही शिकवा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उपचारानंतर गुण आला म्हणून तो उपचारानेच आला असे धरू नये; उपचार न करता काय होते, तेही पाहावे. झाकण उघडत गेल्यावर गाडी वाटेत पुन्हा थांबली नाही, तेव्हाच दूधवाल्यांचे म्हणणे कसोटीला उतरले. घरी आल्यावर आम्ही सुईने झाकणाचे छिद्र मोकळे केले. काढलेला जुना प्लग अजून कपाटात आहे. त्याच्यात काहीही दोष नव्हता.